जोयड्यातली उमेदवारी

बेळगावाहून खानापूर आणि लोंढे मागे टाकून दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला जोयडा तालुक्याची पहिली ओळख रामनगरात होते, आणि ती ओळख काहीशी विपरीत आहे. कारण ज्या तालुक्याचे नाव घनदाट अरण्यासाठी, काळ्या बिबट्यासाठी आणि धनेश पक्ष्यांसाठी सर्वत्र घेतले जाते, त्याच्या वेशीवरचे हे गाव सरकारी हुकमाने वाढलेले आहे. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, १९८७ साली त्याचे काम पुरे झाले, आणि तालुक्याचे मूळ ठाणे जे सुपे, ते आपल्या बाजारासह आणि देवळांसह जलाशयाच्या तळाशी गेले. विस्थापित रयतेपैकी पुष्कळांना रामनगरला जागा मिळाली, तालुक्याचा कारभार जोयड्याहून चालू लागला, आणि सुपे हे नाव धरणाच्या फलकावर व वृद्धांच्या बोलण्यात तेवढे शिल्लक राहिले. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला 'कुठे निघालात' असे विचारले, मी 'जोयडा' म्हणताच त्यांनी मान डोलावली आणि 'म्हणजे सुप्याला' असा आपल्या समाधानापुरता निर्णय देऊन टाकला.

मी या मुलखात आले ती हौशी प्रवासी म्हणून नव्हे. पुण्यात वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा होत आला असता, शेवटच्या सत्रात प्रत्यक्ष क्षेत्रावर जाऊन काही काळ उमेदवारी करावी असा दंडक होता. माझ्या वाट्याला एका लहानशा संस्थेचा कार्यक्रम आला. वनांचे रक्षण वनखात्याच्या पहाऱ्याखेरीज, त्या वनांत पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या लोकांच्या हातून कसे होते हे पाहावे, त्यांना ठाऊक असलेल्या वनस्पती, प्राणी, पिके आणि पाणवठे यांची टिपणे घ्यावीत, आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने ठेवावयाच्या नोंदवहीत ती नीट उतरवून द्यावीत, असा त्याचा सारांश होता. बिनपगारी उमेदवाराने शिरस्तेदाराच्या मागून दप्तर वाहत हिंडावे ही जुन्या मामलेदार कचेऱ्यांतली रीत आपल्याकडे सर्वांना ऐकून माहीत आहे. माझी अवस्था त्याहून फारशी निराळी नव्हती, फक्त दप्तरासोबत एक दुर्बीण आणि वनस्पतींचे नमुने दाबण्यासाठी जुन्या वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा अधिक होता.

लोकांनी आपल्या गावच्या सजीवसृष्टीची नोंद आपणच ठेवावी ही कल्पना २००२ च्या जैविक विविधता कायद्याने सरकारदरबारी रुजू झाली, परंतु तिच्यामागचा विचार ज्या ठिकाणी परिपक्व झाला त्यांत याच, म्हणजे उत्तर कन्नड, जिल्ह्याची गणना करावी लागेल. माधव गाडगीळ हे मूळचे पुण्याचे. सह्याद्रीतील देवरायांचा वा. द. वर्तकांबरोबर अभ्यास करून झाल्यावर ते उत्तर कन्नडच्या बांबूकडे वळले. दांडेलीच्या कागद गिरणीला सरकार टनामागे दीड रुपया इतक्या नाममात्र मोलाने बांबू देत होते, आणि सुपे-टोपल्या विणून पोट भरणाऱ्या बुरुडाला त्याच वस्तूसाठी शेकडो पटींनी अधिक दाम मोजावे लागत होते. बांबूची बने झपाट्याने उजाड का होत आहेत याचे उत्तर सरकारी दप्तरात तयार होते: गावकऱ्यांची गुरे. गाडगीळांनी ते मान्य न करता गावकऱ्यांनाच विचारले. ते म्हणाले की, कळकाच्या बेटाच्या बुडाशी जे काटेरी कडे असते ते गिरणीचे मजूर 'साफसफाई' म्हणून तोडून टाकतात, आणि काटे गेले की कोवळे कोंब गुरे-वानरे खाऊन टाकतात. वनशास्त्राच्या पुस्तकात मात्र काटे तोडल्याने बेट मोकळे होऊन जोमाने वाढते असा सिद्धांत लिहिलेला होता. पुढे मोजमापे घेतली गेली, तेव्हा पुस्तक खोटे आणि गुराखी खरा ठरला. ही हकीकत मला कार्यक्रमाच्या वरिष्ठांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितली, आणि तिचा परिणाम असा झाला की पुढे कोणी काहीही सांगितले तरी ते आधी लिहून घ्यायचे आणि शंका मागाहून काढायची, ही सवय मला लागली.

या उदात्त आरंभानंतर कायद्याचे जे झाले ते आपल्या देशाला साजेसेच झाले. वर्षानुवर्षे पुष्कळशा ग्रामपंचायतींनी नोंदवह्या केल्याच नाहीत. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही अखेरची मुदत देऊन, त्यानंतर दरमहा दहा लाख रुपयांच्या दंडाची तंबी राज्यांना दिली. तेव्हा देशभर जी धावपळ उडाली तीत लाखांनी वह्या तयार झाल्या, आणि शेजारच्या गावची यादी नाव बदलून उतरवून घेण्याचे प्रकारही घडल्याचे मागाहून बोलले गेले. दंड ठोठावून जंगलांची यादी होते, ओळख होत नाही, असे माझे मत आहे. आमच्या वाट्याला आलेल्या गावात काम नव्याने आणि सावकाश करायचे होते, एवढे आमचे भाग्य.

गाव कुंबारवाड्याच्या पलीकडे, अणशीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत होते. त्याला गाव म्हणणेही मुलकी खात्याच्या सोयीचे, कारण तीन-चार घरांची एक वाडी, मग ओहोळ, मग रान, मग दुसरी वाडी, अशी ती वस्ती अरण्यात विखुरलेली होती. वस्ती बहुतांशी कुणब्यांची. आपल्याकडच्या कुणबी या शब्दाने जो बागायती-जिरायती शेतकरी डोळ्यांपुढे येतो त्याच्याशी यांचे साम्य थोडे. गोव्यातील कुणबी, गावडा आणि वेळीप यांच्याशी यांचे नाते जवळचे, आणि बोली कोकणी, पण मराठी माणसाला अर्ध्या तासात कान सरावतील अशी. एके काळी हे लोक डोंगरउतारावर कुमरी करीत, म्हणजे झाडोरा तोडून, जाळून, राखेत नाचणी पेरीत आणि काही वर्षांनी ती जागा रानाला परत देत. इंग्रजी अमदानीत वनखात्याने कुमरीवर प्रथम निर्बंध आणि मग बंदी घातली, आणि कुणबी ओहोळाकाठच्या भाताच्या खाचरांवर आला. मी ज्यांच्या घरी राहिले त्या आजींच्या सासऱ्यांनी कुमरी डोळ्यांनी पाहिलेली होती.

आजी त्या घराच्या कर्त्या होत्या. त्यांचा मुलगा आणि सून खाचरात राबत, नातू दांडेलीला शिकत होता, आणि परड्याची सत्ता मात्र निर्विवादपणे आजींची होती. जानेवारीत भात झोडून झाले आणि मुडली काढण्याचे दिवस आले. मुडली हा अळूच्या कुळातला कंद; गोव्यात त्याला माडी म्हणतात. पण मंडईत मिळणाऱ्या बोटभर अळकुड्यांवरून त्याची कल्पना करू नये. आजींनी वाफ्यावरचा सुक्या पाल्याचा थर हाताने बाजूस सारला, पहार तिरपी घालून माती उचकटली, मग पहार टाकून देऊन बसकण मारली आणि दोन्ही हातांनी, बोटांची चाळण करून, मुळांभोवतीची तांबडी माती काढू लागल्या. कारण पहारीचे टोक लागलेला कंद टिकत नाही. शेवटी जो वर आला तो माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, तपकिरी, वलयांकित आणि केसाळ होता, आणि तुटलेल्या मुळांच्या जागी त्याच्या अंगावर पांढरे ठिपके उमटले होते. आजींनी कोयतीने त्याचा देठाकडचा वितीएवढा शेंडा एका घावात उतरवला, कापलेल्या तोंडाला चुलीतली राख चोळली आणि तो शेंडा सावलीत वेगळा ठेवला. "हें खावपाचें, तें रोवपाचें," एवढेच त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वाफ्याकडे सरकल्या.

माझ्या हातातल्या छापील तक्त्यात रकाने होते: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, उपयोग, उपलब्धता पूर्वीची व आताची. मुडली, कोन, करांदे, कणगर, सुरण अशी एकेक नावे मी उतरवीत गेले, परंतु आजींच्या लेखी मुडली एक नव्हतीच. एका उकळीत लोण्यासारखी होणारी निराळी, भाजूनच खावी अशी निराळी, आंबट घातल्यावाचून घशाला खाज आणणारी निराळी, आणि साळिंदर जिच्या वाटेला सहसा जात नाही ती निराळी. शास्त्रीय नावाच्या रकान्यात मात्र या सर्वांपुढे मला कोलोकेशिया एस्क्युलेंटा हेच पुनःपुन्हा लिहावे लागत होते, आणि चौथ्यांदा लिहिताना माझ्या विद्येविषयी मला थोडा संकोच वाटला. खाजेचे कारण मी सांगू शकत होते: कंदाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूच्याकार स्फटिक असतात आणि ते जिभेला व घशाला बोचतात. आजींनी ते ऐकून घेतले आणि रात्री कालवणात तिरफळांबरोबर आमसुले दोन अधिक टाकली.

वाणांचे हे वैविध्य कोणी जतन करून ठेवले आहे असे म्हणावे, तर तसे ठेवणारे कोठार कोठेच दिसत नव्हते. कंद धान्यासारखा कणगीत वर्षानुवर्षे राहत नाही. दर पावसाच्या आधी तो मातीत गेलाच पाहिजे, नाहीतर तो वाण संपला. हे काम घरोघरच्या बायका करतात. एका वर्षी रानडुकरांनी आजींचा सबंध वाफा उद्ध्वस्त केला, तेव्हा त्यांनी ओहोळापलीकडच्या वाडीतून, आपणच पूर्वी दिलेल्या वाणाचे शेंडे मागून आणले. आणि ज्या घरी लेक दिली त्या घरी लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्याआधी कंदांची पाटी पोहोचती करायची असा रिवाज त्या पाळीत आल्या होत्या. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांचे जे काम केले आणि ज्यासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ते काम मातीच्या मडक्यांत आणि डब्यांत दाखवता येते. कंदांची बँक अशी दाखवता येत नाही, ती देण्याघेण्यात आणि सोयरिकीत वसलेली असते. म्हणून ज्या घराशी आजींचे बोलणे बंद होते त्या घरचे वाण आमच्या यादीत फार उशिरा आले.

जोयड्याला कुणबी समाजाच्या पुढाकाराने गेली दहा-बारा वर्षे कंदमेळा भरतो, तोही आम्ही पाहिला. वाड्यावाड्यांतून बायका पाट्या घेऊन येतात, आणि मांडवात मुडलीचे ढीग, जांभळ्या गराचे कोन, खडबडीत करांदे, सुरणाचे गड्डे अशी मांडणी होते. शहरांतले लोक मोटारी घेऊन येतात, भाव न करता घेतात आणि छायाचित्रे काढतात. व्याख्यानेही होतात, ती इतर व्याख्यानांसारखीच होती. मला तेथे विशेष वाटले ते हे की, विक्री आटोपल्यावर उन्हे कलताना पाट्या पुन्हा भरू लागल्या. कोणी कोणाचा कोन घेतला, कोणी त्याबदल्यात कणगर दिली, आणि या व्यवहारात पैसा कोठेच नव्हता. मेळ्याच्या हिशेबात तो धरलाही गेला नसेल.

कंदांखेरीजचे टिपण घेण्यासाठी गावच्या बुधवंतांबरोबर मी रानात जात असे. बुधवंत म्हणजे समाजाचा परंपरागत मुखिया. हे गृहस्थ सत्तरीकडे झुकलेले, अंगाने शिडशिडीत आणि बोलण्यात अत्यंत काटकसरी होते. एके सकाळी त्यांनी एका जुन्या वृक्षाच्या ढोलीकडे बोट केले. ढोलीचे तोंड चिखल-विष्ठेने लिंपलेले होते, आणि उरलेल्या फटीतून एक चोच बाहेर आली होती. धनेशाची मादी अंडी घालण्यापूर्वी स्वतःला असे कोंडून घेते आणि नर तिला फळे आणून भरवतो, हे मी पुस्तकात वाचले होते; बुधवंतांनी सांगितले ते एवढेच की, नर मेला तर आत सगळीच मरतात, म्हणून या दिवसांत या पक्ष्यावर दगड उचलायचा नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी पाने शिवून केलेले ओंबिलांचे घरटे काढले, आणि घरी त्या लाल मुंग्या मीठ, मिरची, लसूण घालून वाटल्या गेल्या. चव लिंबासारखी आंबट आणि मागाहून झणझणीत होती. ओडिशातील सिमिलीपालच्या अशाच चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे मी सांगितले, तेव्हा बुधवंतांनी विचारले की मानांकन मिळाल्यावर तेथले वनरक्षक मुंग्या काढू देतात काय.

प्रश्न विनोदाने विचारलेला नव्हता. दांडेलीचे अभयारण्य १९५६ चे, अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. दोन्ही मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ साली त्याला काळी नदीचे नाव दिले गेले. प्रकल्पातील कुटुंबांनी स्वेच्छेने बाहेर जावे यासाठी दर कुटुंबामागे पूर्वी दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपये देण्याची योजना आहे, आणि अठरा वर्षांवरील मुलगा हे त्यात स्वतंत्र कुटुंब धरले जाते. ज्यांना मुलांच्या शाळेची, बाळंतपणाच्या वेळच्या वाहनाची आणि पावसाळ्यात तुटणाऱ्या रस्त्याची विवंचना आहे त्यांना ही रक्कम मोहात पाडते, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार पुण्याहून आलेल्या मुलीला नाही. जे राहू इच्छितात त्यांची अडचण वेगळी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवली की पुरते. इतर परंपरागत वननिवासींना मात्र तत्पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तेथे वास्तव्य असल्याचे सिद्ध करावे लागते. गोव्यात कुणबी २००३ पासून अनुसूचित जमातींत मोडतो. सरहद्द ओलांडून जोयड्यात आला की तोच कुणबी, त्याच आडनावाचा, त्याच बोलीचा आणि कदाचित त्याच घरचा जावई, कर्नाटकाच्या लेखी जमात राहत नाही. त्यालाही जमातींत धरावे ही मागणी जुनी आहे आणि तिच्यासाठी मोर्चे निघाले आहेत. एरवी सरहद्दींचा या जिल्ह्याला सराव आहे. १८६२ साली तो मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला, आणि १९६१ पर्यंत याच तालुक्यातल्या कॅसल रॉकपाशी पोर्तुगीज गोव्याची हद्द लागत असे. पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद शोधायचा म्हणजे मुंबई इलाख्याच्या अमदानीत शिरायचे. आणि ज्याला कुमरीतून हुसकले त्याच्याजवळ कागद कोठला असणार!

सुदैवाने कायद्याच्या नियमांत एक वाट ठेवलेली आहे. पुराव्यादाखल सरकारी दस्तऐवजाबरोबरच घर, विहीर, स्मशान, देवस्थान अशा दृश्य खुणा आणि वृद्धांचे लेखी केलेले जबाब ग्राह्य धरले जातात. ही वाट आम्हांला ठाऊक असण्याआधी बुधवंतांना ठाऊक होती. आमच्या नोंदवहीत त्यांनी प्रथमपासून जो रस घेतला त्याचे कारण मला उशिरा उमगले: देवराईचे पान भरताना तिची सीमा, तीतले मोठे वृक्ष, त्यांचा घेर, आणि कोणत्या पिढीत कोणी तेथे काय अर्पण केले हे ते अतिशय तपशिलाने सांगत, आणि मी लिहिले की नाही हे नातवाकडून वाचून घेत. आम्ही सृष्टीची यादी करीत होतो. ते त्याच वहीत आपल्या वास्तव्याची रुजवात घालीत होते. यात त्यांनी आम्हांला फसवले असे मला क्षणभरही वाटले नाही. वाफ्यात दरवर्षी कोणी शेंडा पुरणारच नसेल तर मुडलीचे ते चार वाण वहीत असून नसून सारखेच, आणि शेंडा पुरणाऱ्याला त्या जमिनीवर राहता आले पाहिजे, इतका हा व्यवहार सरळ होता.

मसुदा समितीपुढे आला तो पंचायतीच्या कचेरीत. अध्यक्ष आणि सदस्य मिळून समिती. तीत एक-तृतीयांश स्त्रिया हव्यात या नियमाने आजींची सून सदस्य होती. सगळे सुरळीत चालले असता, तालुक्याहून आलेल्या एका कारकुनाने पाणवठ्यांच्या पानावर आक्षेप घेतला. ओहोळ ठीक, पाणथळ ठीक, पण वाडीतली दगडी विहीर जैवविविधतेत कशी येते, तिचे बांधकाम कोणत्या आजोबांनी केले याचा येथे काय संबंध, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि नियमांच्या दृष्टीने ते अगदीच निराधार नव्हते. बुधवंत गप्प राहिले. सून मात्र उठली आणि तिने सांगितले की विहिरीत मासे आहेत, बेडूक आहेत, एक कासव आहे, कडेच्या दगडांत नेचे उगवते ते बाळंतिणीच्या उपयोगाचे आहे, आणि हे सगळे विहीर बांधल्यानंतर आले, तेव्हा विहीर कधी बांधली हे लिहिल्यावाचून ते केव्हापासून आहे हे कसे कळावे. अध्यक्ष हसले. कारकुनाने चष्मा पुसला आणि 'विहीर, दगडी, जुनी' एवढे लिहावे असे सुचवले. सुनेने 'जुनी' खोडून पिढ्यांचा आकडा आणि बांधणाऱ्याचे नाव घालायला लावले. त्यावर पुन्हा थोडी घासाघीस होऊन दोन्ही राहिले. पानावर अध्यक्षांची सही झाली. शिक्का ज्या कपाटात होता त्याची किल्ली त्या दिवशी कचेरीत नसल्याने तो सोमवारी मारायचे ठरले, आणि सुनेने सोमवारी आपण स्वतः येऊ असे सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून ठेवले.